ब्राउझरमध्ये उघडते, टूलमध्ये का उघडत नाही? सुरक्षित वेब सर्व्हिसची अडचण टप्प्याटप्प्याने कशी शोधावी



पांढुर्णा आणि सौसर भागातल्या अनेक घरांतली मुले-मुली आज नागपूरच्या मिहानमध्ये, पुण्यात हिंजवडीला, हैदराबाद-बेंगळुरूला सॉफ्टवेअरच्या नोकरीत आहेत. त्यांतल्या बऱ्याच जणांची सुरुवात टेस्टिंगपासून होते. टेस्टिंग म्हणजे दुसऱ्याने तयार केलेला प्रोग्रॅम सांगितल्याप्रमाणे चालतो की नाही, हे तपासण्याचे काम. या कामात नवख्या माणसाला हमखास भेटणाऱ्या एका अडचणीबद्दल हा लेख आहे.

अडचण अशी. टीम लीडर एक पत्ता देतो. त्याची सुरुवात 'एचटीटीपीएस'ने असते आणि शेवटी प्रश्नचिन्ह लावून 'डब्ल्यूएसडीएल' लिहिलेले असते. हा पत्ता क्रोममध्ये टाकला की पानभर मजकूर दिसतो. तोच पत्ता टेस्टिंगच्या टूलमध्ये टाकला की एरर येते. मग कोणी म्हणते टूल काढून पुन्हा टाक, कोणी म्हणते जाव्हा बदल. आणि एखादा अनुभवी सहकारी हळूच सांगतो, "ते सर्टिफिकेटचे चेकिंग बंद करून टाक, चालेल." आणि ते खरेच चालते. पण काम झाले म्हणून अडचण सुटली असे होत नाही. उलट एक मोठी अडचण मागे राहते.

जे हे काम करतात किंवा शिकत आहेत त्यांनी लेख सुरुवातीपासून वाचावा. घरच्या मंडळींनी 'विश्वासाची यादी' आणि 'चेकिंग बंद का करू नये' हे दोन भाग वाचले तरी पुरे. आपल्या बँकेची, विम्याची, आधारची माहिती याच वाटेने जात असते, म्हणून हा विषय घराघराचा आहे.

आधी थोडे मुळातले

एका प्रोग्रॅमने दुसऱ्या प्रोग्रॅमकडे इंटरनेटवरून काम सांगायचे, याला वेब सर्व्हिस म्हणतात. समजा, एका सहकारी संस्थेच्या प्रोग्रॅमला सभासदाचे बँक खाते बरोबर आहे का, हे बँकेच्या प्रोग्रॅमला विचारायचे आहे. काय विचारता येईल, प्रश्न कोणत्या रूपात पाठवायचा, उत्तर कोणत्या रूपात येईल आणि कोणत्या पत्त्यावर विचारायचे, हे सगळे बँक एका फाइलमध्ये लिहून ठेवते. ती फाइल म्हणजे सर्व्हिसची व्याख्या, म्हणजेच डब्ल्यूएसडीएल. ती एक्सएमएल या भाषेत लिहिलेली असते. टेस्टिंगचे टूल ती वाचते आणि प्रश्नांचे कोरे नमुने आपोआप तयार करून देते. व्याख्याच उघडली नाही तर पुढचे सगळे काम अडते.

ही पद्धत नवी नाही. सोप १.१ हा संदेशाचा नमुना २००० साली आणि डब्ल्यूएसडीएल १.१ हा व्याख्येचा नमुना २००१ साली डब्ल्यू३सी या संस्थेने प्रसिद्ध केला. सोपयूआय हे टूल २००५ पासून वापरात आहे. आता नव्या कामांत वेगळ्या, हलक्या पद्धती आल्या आहेत, तरी बँका, विमा कंपन्या आणि सरकारी खात्यांच्या जुन्या प्रणालींत सोप टिकून आहे. त्यामुळे नव्याने नोकरीला लागलेल्या मुलांच्या वाट्याला ते येतेच.

पाच टप्पे आणि पाच प्रश्न

व्याख्या टूलमध्ये येण्याआधी पाच गोष्टी क्रमाने व्हाव्या लागतात.

१. टूल सर्व्हरपर्यंत पोहोचले पाहिजे.
२. दोघांचे कुलूपबंद बोलण्याच्या पद्धतीवर एकमत झाले पाहिजे.
३. समोरचा सर्व्हर खरोखर तोच आहे, अशी टूलची खात्री पटली पाहिजे.
४. सर्व्हरने मागितली तर टूलने स्वतःचीही ओळख दिली पाहिजे.
५. जे हाती आले ते खरोखर व्याख्याच असले पाहिजे, आणि तिने उल्लेख केलेल्या बाकीच्या फाइलही मिळाल्या पाहिजेत.

एरर आली की पहिला प्रश्न एकच: आपण कोणत्या टप्प्यावर अडलो? तिसऱ्या टप्प्याची अडचण पहिल्या टप्प्याच्या उपायाने सुटत नाही. बहुतेकांचा दिवस इथेच वाया जातो. म्हणून एरर पूर्ण वाचायची. लांबलचक एररमध्ये शेवटी जिथे 'कॉज्ड बाय' लिहिलेले असते, तिथे खरे कारण असते. सोपयूआयमध्ये खालच्या पट्टीतले एरर लॉग उघडून पाहावे, कारण समोर येणारी छोटी चौकट अर्धेच सांगते.

पहिला टप्पा : पोहोचणे

'अननोन होस्ट' आले तर सर्व्हरचे नाव सापडत नाही. 'कनेक्शन टाइम्ड आउट' आले तर नाव सापडले, पण वाट बंद आहे. 'कनेक्शन रिफ्यूज्ड' आले तर सर्व्हरच्या मशीनपर्यंत पोहोचलो, पण त्या दारावर कोणी ऐकत नाही. बहुधा पोर्ट चुकलेला असतो किंवा सर्व्हिस बंद असते.

ब्राउझर आणि टूल यांच्यातला पहिला फरक इथेच दिसतो. ऑफिसमधले इंटरनेट बहुधा प्रॉक्सी नावाच्या मधल्या सर्व्हरमधून जाते. ब्राउझर त्याची माहिती विंडोजकडून घेतो. टूलमध्ये ती वेगळी भरावी लागू शकते. घरून काम करणाऱ्यांनी व्हीपीएन चालू आहे ना, हेही आधी पाहावे.

दुसरा टप्पा : कुलपाचा प्रकार ठरवणे

एचटीटीपीएसमधले कुलूप म्हणजे टीएलएस. त्याच्या आवृत्त्या अशा: १.० आली १९९९ मध्ये, १.१ आली २००६ मध्ये, १.२ आली २००८ मध्ये आणि १.३ आली २०१८ मध्ये. पहिल्या दोन मार्च २०२१ मध्ये अधिकृतपणे कालबाह्य ठरवण्यात आल्या. दोघांना मान्य असलेली एक तरी आवृत्ती समान नसेल तर बोलणे सुरूच होत नाही.

याच्या दोन बाजू आहेत. टूल जुने आणि सर्व्हर नवा असेल तर 'हँडशेक फेल्युअर' किंवा 'प्रोटोकॉल व्हर्जन' अशी एरर येते. जाव्हा ७ ला टीएलएस १.२ येत होते, पण मागणाऱ्याच्या बाजूने ते आपणहून चालू नसे. जाव्हा ८ पासून ते आपणहून चालू झाले. त्यामुळे जुन्या जाव्हावर चालणारे टूल आजच्या सर्व्हरसमोर अडते. उपाय म्हणजे टूलची नवी आवृत्ती घेणे. ते शक्य नसेल तर सोपयूआयच्या बिन फोल्डरमध्ये 'व्हीएमऑप्शन्स' नावाची फाइल असते. तिच्यात 'सोपयूआय डॉट एचटीटीपीएस डॉट प्रोटोकॉल्स' या सूचनेपुढे टीएलएस १.२ लिहून टूल पुन्हा सुरू करावे.

उलट बाजूही आहे. टूल नवे आणि सर्व्हर जुना असेल तर 'नो अप्रोप्रिएट प्रोटोकॉल' अशी एरर येते, कारण एप्रिल २०२१ च्या अपडेटपासून जाव्हाने जुन्या दोन्ही आवृत्त्या बंद केल्या. इथे टूलला मागे ओढण्यापेक्षा सर्व्हर सुधारायला सांगणे योग्य.

तिसरा टप्पा : विश्वासाची यादी

लेखाचा गाभा हाच आहे, म्हणून इथे जरा थांबू.

घरात लग्नाचे स्थळ आले की बायोडाटा हातात येतो. त्यावर सगळे चांगलेच लिहिलेले असते. आपण बायोडाट्यावर विश्वास ठेवत नाही. आपण विचारतो, स्थळ सुचवले कोणी? मध्यस्थाला आपण ओळखत नसलो तर पुढे विचारतो, मध्यस्थाला ओळखणारे कोण? असे करत करत आपल्या ओळखीच्या वडीलधाऱ्या माणसापर्यंत पोहोचलो की बोलणी पुढे सरकतात. ओळखीचे कोणीच निघाले नाही तर थांबतो.

सर्टिफिकेटचे नेमके असेच आहे. सर्व्हर आपले सर्टिफिकेट दाखवतो, म्हणजे बायोडाटा. त्यावर एका मधल्या संस्थेची सही असते, तो मध्यस्थ. मध्यस्थाच्या सर्टिफिकेटवर मूळ संस्थेची सही असते, तिला रूट म्हणतात. ही रूट आपल्याजवळच्या यादीत असेल तर विश्वास बसतो.

आता कळीचा मुद्दा. ही यादी सगळ्यांची एक नसते. विंडोजची यादी वेगळी, फायरफॉक्सची वेगळी, जाव्हाची वेगळी. अँड्रॉइड फोनची आणखी वेगळी. एका घरातले काका ज्याला ओळखतात त्याला दुसऱ्या घरातले मामा ओळखतीलच असे नाही. म्हणून एकच पत्ता ब्राउझरमध्ये उघडतो आणि जाव्हावर चालणाऱ्या प्रोग्रॅममध्ये अडतो. जाव्हा तेव्हा 'पीकेआयएक्स पाथ बिल्डिंग फेल्ड' असे म्हणतो. त्याचा साधा अर्थ: "या सर्टिफिकेटपासून माझ्या ओळखीच्या रूटपर्यंत मला वाट सापडली नाही."

या वेगळ्या याद्यांचे महत्त्व भारतातच घडलेल्या एका घटनेने जगाला दिसले. आपल्याकडे माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० नुसार कंट्रोलर ऑफ सर्टिफाइंग अथॉरिटीज, म्हणजे सीसीए, हे कार्यालय आहे. भारतातल्या परवानाधारक सर्टिफिकेट संस्थांवर त्याची मूळ सही असते. टेंडर भरणाऱ्या कंत्राटदारांकडे किंवा चार्टर्ड अकाउंटंटकडे डिजिटल सहीचे जे टोकन असते, त्याची साखळी याच रूटपर्यंत जाते. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र, म्हणजे एनआयसी, हेही तेव्हा सीसीएच्या हाताखाली सर्टिफिकेट देत असे.

२ जुलै २०१४ रोजी गुगलच्या लक्षात आले की गुगलच्या काही पत्त्यांच्या नावाने एनआयसीकडून सर्टिफिकेट निघाली आहेत, आणि गुगलने ती मागितलेलीच नव्हती. दुसऱ्याच दिवशी सीसीएने एनआयसीची मधली सर्टिफिकेट रद्द केली. पुढे सीसीएने कळवले की एनआयसीची सर्टिफिकेट देण्याची व्यवस्थाच कोणीतरी भेदली होती, आणि चार चुकीची सर्टिफिकेट सापडली: तीन गुगलच्या पत्त्यांची, एक याहूचे. गुगलने मात्र आणखीही चुकीची सर्टिफिकेट आपल्याला माहीत असल्याचे सांगितले.

याचा फटका कोणाला बसू शकत होता? सीसीएची रूट मायक्रोसॉफ्टच्या यादीत होती. म्हणून विंडोजवर त्या यादीच्या भरवशावर चालणारे प्रोग्रॅम अशा खोट्या सर्टिफिकेटवर विश्वास ठेवू शकत होते. फायरफॉक्सची यादी स्वतःची होती आणि तिच्यात ही रूट नव्हती, म्हणून फायरफॉक्स वापरणारे सुरक्षित राहिले. मायक्रोसॉफ्टने १० जुलैला सूचना काढून ती सर्टिफिकेट बाद केली.

या घटनेतून दोन गोष्टी घ्यायच्या. पहिली, 'यादीत आहे' म्हणजे 'त्या संस्थेने सही केलेले कोणतेही नाव मला मान्य आहे' असा त्याचा अर्थ होतो. म्हणून यादीत नवे नाव घालणे ही किरकोळ गोष्ट नाही. दुसरी, टूल नकार देते तेव्हा ते बिघडलेले असतेच असे नाही. अनेकदा ते आपले काम चोख करत असते.

पीकेआयएक्सची एरर आली तर काय पाहावे

*मधला दुवा गहाळ आहे का?* सर्व्हरने स्वतःच्या सर्टिफिकेटसोबत मध्यस्थाचेही सर्टिफिकेट पाठवायचे असते. सर्व्हर बसवणारा माणूस अनेकदा ते विसरतो. ब्राउझर पूर्वी पाहिलेला मध्यस्थ लक्षात ठेवतो किंवा स्वतः जाऊन शोधून आणतो, म्हणून त्याला अडचण दिसत नाही. जाव्हा आपणहून शोधायला जात नाही. ओपनएसएसएल या मोफत प्रोग्रॅममधली 'एस क्लायंट' ही कमांड 'शो सर्ट्स' या पर्यायासह चालवली की सर्व्हर किती सर्टिफिकेट पाठवतो ते दिसते. एकच दिसले आणि ते स्वतःच सही केलेले नसेल, तर दोष बहुधा सर्व्हरकडे आहे आणि तो तिथेच दुरुस्त व्हायला हवा.

*जाव्हाची यादी जुनी आहे का?* रूटचीही मुदत संपते. ३० सप्टेंबर २०२१ रोजी लेट्स एन्क्रिप्ट या मोफत सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेला आधार देणारी एक जुनी रूट संपली. त्या दिवशी जगभरातल्या अनेक जुन्या उपकरणांवर चांगल्या वेबसाइट उघडेनाशा झाल्या. त्यांची नवी रूट जाव्हा ८ च्या १४१ व्या अपडेटपासून यादीत होती. ज्यांनी अपडेट घेतले होते त्यांना काही जाणवले नाही.

*ऑफिसचा प्रॉक्सी मध्ये आहे का?* काही कंपन्या सुरक्षेसाठी येणारी-जाणारी माहिती मध्येच उघडून तपासतात आणि स्वतःच्या सर्टिफिकेटने पुन्हा बंद करतात. कंपनीची रूट विंडोजच्या यादीत घातलेली असते, जाव्हाच्या यादीत नसते. ब्राउझरमध्ये सर्टिफिकेट उघडून देणाऱ्याचे नाव पाहा. तिथे कंपनीचेच नाव दिसले तर कारण सापडले.

*सर्व्हिसची रूट खासगी आहे का?* टेस्टिंगच्या सर्व्हरना बहुधा कंपनीच्या अंतर्गत रूटची सर्टिफिकेट असतात. इथे ती रूट यादीत घालणे हाच योग्य उपाय आहे. जाव्हाच्या 'कीटूल' या प्रोग्रॅमने ती 'सीएसर्ट्स' या फाइलमध्ये घालतात. पण तीन गोष्टी पाळा.

पहिली, बरोबर जाव्हात घाला. एका कॉम्प्युटरवर दोन-तीन जाव्हा असणे नेहमीचेच, आणि काही टूल स्वतःचा जाव्हा सोबत आणतात. रूट एका जाव्हात घातली आणि टूल दुसऱ्यावर चालत असेल तर काहीच बदलत नाही.

दुसरी, सर्व्हरचे स्वतःचे सर्टिफिकेट घालू नका, त्याची रूट घाला. सार्वजनिक सर्टिफिकेटची मुदत झपाट्याने कमी होत आहे. २०२० पासून ती जास्तीत जास्त ३९८ दिवस होती. ठरलेल्या वेळापत्रकानुसार १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, १५ मार्च २०२७ पासून १०० दिवस आणि १५ मार्च २०२९ पासून ४७ दिवस. सर्व्हरचे सर्टिफिकेट घातले तर दर दीड महिन्याला तेच रडगाणे.

तिसरी, रूट कोणाकडून आली याची खात्री करा. ती त्याच संशयास्पद कनेक्शनवरून उतरवून घेऊ नका. संबंधित टीमकडून घ्या आणि तिचा फिंगरप्रिंट, म्हणजे सर्टिफिकेटचा ठसा, फोनवर एकमेकांना वाचून दाखवून जुळवा. पाच मिनिटांचे काम आहे.

याखेरीज मुदत संपलेली असणे, पत्त्यातले नाव आणि सर्टिफिकेटवरचे नाव वेगळे असणे, आणि आपल्या कॉम्प्युटरची तारीखच चुकलेली असणे, ही साधी कारणे आधी तपासून घ्यावीत.

एक खास सूचना सोपयूआय वापरणाऱ्यांसाठी. त्याची मोफत आवृत्ती सर्व्हरच्या सर्टिफिकेटबाबत मुळातच सैल आहे, बरेच काही चालवून घेते. त्यामुळे सोपयूआय अडले तर आधी दुसरा, चौथा किंवा पाचवा टप्पा तपासा. आणि सोपयूआयमध्ये उघडले म्हणून सर्टिफिकेट बरोबर आहे असे रिपोर्टमध्ये लिहू नका. त्याच दिवशी डेव्हलपरचा जाव्हा प्रोग्रॅम त्याच पत्त्यावर पीकेआयएक्सने अडू शकतो, आणि दोघेही आपापल्या जागी बरोबर असतात.

चौथा टप्पा : आपली ओळख

बँकांच्या सर्व्हिस अनेकदा उलटही विचारतात, "आणि तुम्ही कोण?" तेव्हा टूलला स्वतःचे सर्टिफिकेट आणि त्याची खासगी किल्ली दाखवावी लागते. ही दोन्ही बहुधा 'पीएफएक्स' किंवा 'जेकेएस' फाइलमध्ये पासवर्डसह मिळतात. सोपयूआयमध्ये प्रेफरन्सेसमधल्या एसएसएल सेटिंग्जमध्ये कीस्टोअरच्या जागी तिचा पत्ता आणि पासवर्ड भरतात. ब्राउझरमध्ये उघडण्याचे कारणही यातून कळते: ते सर्टिफिकेट विंडोजमध्ये आधीच बसवलेले असते.

ओळख न दिल्यास कधी 'हँडशेक फेल्युअर', कधी 'बॅड सर्टिफिकेट', तर कधी ४०३ असा आकडा येतो. ४०१ आला तर सर्टिफिकेटचा नव्हे, युजरनेम-पासवर्डचा प्रश्न आहे. ही किल्लीची फाइल व्हॉट्सॲपवर किंवा मेलवर फिरवू नये. ती ज्याच्या हाती पडेल तो आपल्या कंपनीच्या नावाने बोलू शकतो.

पाचवा टप्पा : हाती आलेला मजकूर

कुलूप उघडले, ओळख पटली, तरी एरर येते. 'एक्सएमएल एक्सेप्शन' किंवा 'क्लोज टॅग नाही' अशी तक्रार दिसली तर समजावे की व्याख्येऐवजी भलतेच काही आले आहे. बहुधा ते लॉगिनचे पान किंवा प्रॉक्सीचे 'परवानगी नाही' हे पान असते. ब्राउझरमध्ये आपण आधीच लॉगिन केलेले असल्याने तिथे व्याख्या दिसते. इनकॉग्निटो विंडोमध्ये तोच पत्ता उघडा, म्हणजे टूलला काय दिसते ते बरेचसे कळेल.

दुसरे कारण जास्त फसवे. मोठी व्याख्या एकाच फाइलमध्ये नसते. ती 'इम्पोर्ट' म्हणून दुसऱ्या फाइलींचे पत्ते देते. ब्राउझर फक्त पहिली फाइल दाखवतो आणि थांबतो. टूल सगळ्या आणायला जाते. त्या पत्त्यांत सर्व्हरचे कंपनीच्या आतले नाव असेल, किंवा एचटीटीपीएसऐवजी साधे एचटीटीपी असेल, तर टूल तिथे अडते. सर्व्हरच्या पुढे लोड बॅलन्सर बसवला आणि आतल्या सर्व्हरला बाहेरचा पत्ता सांगायचा राहिला की असे होते. ब्राउझरमधल्या मजकुरात 'स्कीमा लोकेशन' शोधा आणि प्रत्येक पत्ता स्वतंत्र उघडून पाहा. मायक्रोसॉफ्टच्या डब्ल्यूसीएफवर तयार झालेल्या सर्व्हिसमध्ये, डॉटनेट ४.५ किंवा पुढची आवृत्ती असेल तर, पत्त्याच्या शेवटी 'डब्ल्यूएसडीएल'ऐवजी 'सिंगल डब्ल्यूएसडीएल' लिहिले की सगळे एकाच फाइलमध्ये मिळते.

तात्पुरती सोय म्हणून सगळ्या फाइल उतरवून, पत्ते सुधारून, आपल्या कॉम्प्युटरवरून टूलमध्ये घेता येतात. पण ती प्रत शिळी होते, हे विसरू नये. आपल्याच जिल्ह्याचे उदाहरण घ्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा हा छिंदवाड्यातून वेगळा जिल्हा झाला, पांढुर्णा आणि सौसर तालुके त्यात गेले. एखाद्या व्याख्येत जिल्ह्यांच्या नावांची ठरावीक यादी असेल आणि टेस्टरकडे सप्टेंबरमध्ये उतरवलेली प्रत असेल, तर 'पांढुर्णा' लिहिलेली बरोबर विनंतीसुद्धा त्याचे टूल चूक ठरवेल. म्हणून उतरवलेल्या प्रतीवर तारीख लिहावी, आणि मूळ पत्ता सुरू होताच ती टाकून द्यावी.

चेकिंग बंद का करू नये

सर्टिफिकेटचे चेकिंग बंद करणे म्हणजे स्थळाची चौकशीच न करणे. बायोडाट्यावर जे लिहिले ते खरे मानायचे. कुलूप लागलेले दिसते, माहिती सांकेतिक भाषेत जाते, पण ती कोणाकडे जाते हे कोणी पाहत नाही. मधे बसलेला माणूस बँकेचे नाव लावून सगळे घेऊ शकतो आणि पुढे पाठवून देऊ शकतो. दोन्ही टोकांना काहीच कळत नाही.

"टेस्टिंगपुरते आहे" हे म्हणणे ऐकायला ठीक वाटते. पण टेस्टिंगसाठी लिहिलेली ती एक ओळ प्रोग्रॅममध्ये राहून जाते आणि खऱ्या ग्राहकांच्या माहितीवर चालू लागते. कोणी मुद्दाम करत नाही. सगळे सुरळीत चाललेले असते, त्यामुळे कोणाला ती आठवत नाही. एरर देणारी चूक पकडली जाते, एरर गप्प करणारी चूक पकडली जात नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात माहितीच्या सुरक्षेची वाजवी काळजी न घेतल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. दंड कंपनीला होतो, पण माहिती जाते ती आपल्यासारख्यांच्या घरातली: खाते क्रमांक, मोबाइल, जन्मतारीख.

अडचण नेमकी सर्टिफिकेटची आहे का, हे ओळखण्यासाठी आपल्या टेस्टिंगच्या मशीनवर, खोट्या माहितीवर, दोन मिनिटे चेकिंग बंद करून पाहणे समजू शकते. डॉक्टर तपासायला पट्टी सोडतो तसे. पण पट्टी परत बांधायची असते. आणि ती ओळ कोडमध्ये कधीच लिहायची नाही.

समोरच्या टीमला कसे कळवावे

अनेक वेळा दोष समोरच्या सर्व्हरकडे असतो आणि नवखी मुले तो सांगायला कचरतात. "तुमची सर्व्हिस चालत नाही" असे लिहिले तर उत्तर येते, "आमच्याकडे चालते." म्हणून पुढील पाच गोष्टी लिहाव्यात:

- कोणता पूर्ण पत्ता, कोणत्या तारखेला, किती वाजता वापरला
- कोणते टूल, त्याची आवृत्ती आणि जाव्हाची आवृत्ती
- एररचा पूर्ण मजकूर, स्क्रीनच्या फोटोऐवजी अक्षरांत
- पाचपैकी कोणत्या टप्प्यावर अडले आणि ते कशावरून ठरवले
- त्यांनी काय करावे अशी विनंती, उदाहरणार्थ "सर्व्हर फक्त स्वतःचे सर्टिफिकेट पाठवतो, मधले पाठवत नाही. कृपया पूर्ण साखळी बसवावी."

पासवर्ड आणि खासगी किल्ली त्या मेलमध्ये टाकू नये. अशी मेल गेली की उत्तर लवकर येते, आणि लिहिणाऱ्याला काम कळते हेही समोरच्याला समजते. मुलाखतीतही हाच प्रश्न विचारला जातो: "ब्राउझरमध्ये उघडते, टूलमध्ये नाही. तुम्ही काय कराल?" पाच टप्पे क्रमाने सांगणाऱ्याचे उत्तर वेगळे उठून दिसते.

समाजातल्या ज्या मुला-मुलींनी नुकतेच हे क्षेत्र निवडले आहे, त्यांना एवढेच सांगणे: एररला घाबरू नका आणि तिचे तोंडही बंद करू नका. ती काय विचारते ते नीट ऐका. समोर कोण आहे हे विचारल्याशिवाय आपली माणसे व्यवहार करत नाहीत, मग तो संत्र्याच्या बागेचा सौदा असो की सोयरीक. कॉम्प्युटरवर काम करतानाही ती सवय सोडायचे कारण नाही.